एका मुलाची पाच नावं: ऑटिझमच्या निदानांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या कपाटात नवी पेठेतून आणलेली एक निळी फाइल आहे. मुलगा आता बाविशी ओलांडून गेलाय आणि फाइलीत त्याची पाच नावं आहेत. २००६ च्या चिठ्ठीवर ‘बेरा नॉर्मल, बोलण्यात उशीर’ (बेरा म्हणजे ऐकू येतं का ते बघणारी तपासणी). २००८ च्या अहवालात ‘पीडीडी-एनओएस’. २०११ मध्ये ‘अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम’. २०१५ मध्ये ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, लेव्हल १’. आणि २०१८ च्या सरकारी दाखल्यावर ‘स्वमग्नता’.

रविवारी सकाळी जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी दोन-चार पालक अशाच फाइली काखोटीला मारून येतात. मी डॉक्टर नाही. बँकेत तीस वर्षं कारकुनी केली, कागद वाचायची सवय तिथली. खालचे प्रश्न त्या बैठकीतले आहेत. निदान करणं डॉक्टरांकडेच. इथं फक्त नावांची गोष्ट आहे.

एकाच मुलाला वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळी नावं दिली. कुणीतरी चुकलं असणार ना?

चुकलं असेलही, पण आधी कागदावरची तारीख बघा. नाव नंतर वाचा.

डॉक्टर निदानाची नावं मनानं ठरवत नाहीत. त्यांच्यापुढं दोन ग्रंथ असतात. एक अमेरिकन मानसोपचार संघटनेचा ‘डीएसएम’, दुसरा जागतिक आरोग्य संघटनेचा ‘आयसीडी’. दोन्हींच्या नव्या आवृत्त्या निघतात आणि प्रत्येक वेळी ऑटिझमचं पान बदललेलं असतं. १९८० मध्ये बदललं, १९८७ मध्ये बदललं, १९९४ मध्ये, मग २०१३ मध्ये. आयसीडीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. म्हणजे २०११ चा ‘अ‍ॅस्पर्गर’ आणि २०१५ चा ‘स्पेक्ट्रम’ हे दोन डॉक्टरांचं भांडण नसून एकाच ग्रंथाच्या दोन आवृत्त्या असू शकतात.

बँक विलीन झाली की पासबुकावरचं नाव आणि आयएफएससी कोड बदलतो, खातं तेच राहतं. मी पालकांना हेच उदाहरण देते. पण ते अर्धंच लागू पडतं, हेही सांगते. इथं कोडबरोबर खातं उघडायचे नियमही बदलत गेले. एका आवृत्तीत बसणारं मूल दुसरीत बसेलच असं नाही.

‘ऑटिझम’ हा शब्द मुळात कुणाचा?

स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांचा. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्दही त्यांचाच. १९११ च्या सुमारास त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या एका लक्षणाला, म्हणजे जगाकडं पाठ करून आत मिटून जाण्याला, ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’ या शब्दावरून ऑटिझम म्हटलं. तेव्हा ते लक्षण होतं, आजाराचं नाव नव्हतं, आणि मुलांशी त्याचा संबंधही नव्हता. पुढचा सगळा घोळ या उसन्या शब्दातून सुरू झाला असं माझं मत आहे.

मुलांकडं आधी कुणी नीट पाहिलं असेल तर ग्रून्या सुखारेवा यांनी. मॉस्कोतल्या या बाईंनी १९२५ मध्ये सहा मुलग्यांची वर्णनं छापली. आज वाचली तर आपल्याच बैठकीतली मुलं वाटतात. पण त्यांनी नाव दिलं ‘स्किझॉइड सायकोपॅथी’. पुढच्या वर्षी ते जर्मनमध्ये आलं, इंग्रजीत यायला १९९६ उजाडलं. तोवर श्रेय दोन पुरुषांच्या नावावर जमा होऊन गेलं होतं.

त्यातले पहिले लिओ कॅनर. १९४३ मध्ये बाल्टिमोरमधून त्यांनी ११ मुलांचा अहवाल छापला. पहिला मुलगा मिसिसिपीतला डोनाल्ड ट्रिपलेट. त्याच्या वडलांनी डॉक्टरांना ३३ पानांचं टंकलेखित पत्र पाठवलं होतं. (आपण चार ओळींत ‘लक्ष देत नाही, हट्टी आहे’ असं सांगून मोकळे होतो. लिहून न्यायची सवय लावून घ्या.) डोनाल्ड मोठे झाले, बँकेत नोकरी केली, जगभर फिरले आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी गेले. बँकेतली नोकरी वाचून मला उगाचच जवळचं माणूस वाटलं. कॅनर यांनी १९४४ मध्ये या अवस्थेला ‘अर्ली इन्फंटाइल ऑटिझम’ म्हटलं.

त्याच १९४४ मध्ये व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी ‘ऑटिस्टिक सायकोपॅथी’ या नावाखाली चार मुलग्यांची वर्णनं लिहिली. भाषा चांगली, माहिती भरपूर, पण चारचौघांत वावरायचं गणित न जमणारी मुलं. महायुद्ध चालू, भाषा जर्मन. पुढची पस्तीसेक वर्षं इंग्रजी जगात त्याकडं फारसं कुणी बघितलं नाही.

माझ्या चुलत दिराच्या जुन्या कागदावर ‘चाइल्डहुड स्किझोफ्रेनिया’ लिहिलंय. तो तर साठीचा आहे आणि मला ऑटिझमच वाटतो.

शक्य आहे. १९५२ च्या पहिल्या डीएसएममध्ये ऑटिझम नावाचं वेगळं निदानच नव्हतं. अशी मुलं स्किझोफ्रेनियाच्या बालपणीच्या प्रकारात टाकली जायची. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीतही तेच. १९८० उजाडेपर्यंत अधिकृत खुर्ची मिळाली नाही.

मधल्या काळात ब्रिटनमध्ये इझ्रायल कोल्व्हिन यांनी १९७१ मध्ये दाखवलं की आयुष्याच्या पहिल्या तीन वर्षांतच सुरू होणारी अवस्था आणि बऱ्याच उशिरा, भास-भ्रमांसह येणारा स्किझोफ्रेनिया हे दोन वेगळे गट आहेत. मायकल रटर यांनी निकष घासूनपुसून मांडले. बदल कसा झिरपला ते एका नियतकालिकाच्या नावावरून कळतं. १९७१ मध्ये ते ‘जर्नल ऑफ ऑटिझम अँड चाइल्डहुड स्किझोफ्रेनिया’ म्हणून निघालं, १९७९ मध्ये त्याच्या पाटीवरून स्किझोफ्रेनिया उतरला आणि ‘डेव्हलपमेंटल डिसऑर्डर्स’ चढलं. मानसिक आजाराच्या घरातून विकासातल्या फरकाच्या घरात ही बिऱ्हाडबदली झाली.

दिरांना मात्र जुन्या कागदावर विसंबून काही लावू नका आणि चालू असलेली गोळी आपल्या मनानं बंद करू नका. मोठ्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडून नव्यानं तपासून घ्या. लहानपणीचं सांगू शकणारं घरातलं वडीलधारं माणूस बरोबर न्या. साठीच्या माणसाच्या बाबतीत तीच अडचण असते.

आईनं माया केली नाही म्हणून मुलं अशी होतात, असंही पूर्वी म्हणायचे ना?

म्हणायचे, आणि मोठमोठे म्हणायचे. थंड, कोरड्या आईबापांमुळं मूल मिटून जातं, हा विचार १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेत चलनात होता. शिकागोतल्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकातून तो घरोघरी पोचवला. त्याआधीच १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी, जे स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते, हे मेंदूच्या घडणीतून येतं असं मांडलं होतं. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि रटर यांनी २१ जुळ्यांच्या जोड्या अभ्यासल्या आणि आनुवंशिकतेचा वाटा ठसठशीत दिसला.

शिकागोतला सिद्धांत मला २००७ मध्ये सासूबाईंच्या तोंडून ऐकू आला. “तू बँकेत जातीस, पोरगं एकलकोंडं होणार नाही तर काय!” त्यांनी बेटलहाइम वाचला नव्हता. पुढं त्याच त्याला ओळीनं डबे लावून देत बसायच्या, दुपारभर. त्यामुळं माझा राग विझला. पण रविवारी येणाऱ्या प्रत्येक तरुण आईला मी हे पान आवर्जून सांगते.

पीडीडी-एनओएस म्हणजे नक्की काय? ऑटिझम आहे की नाही?

१९८० च्या तिसऱ्या डीएसएमनं ‘पर्व्हेसिव्ह डेव्हलपमेंटल डिसऑर्डर’ नावाची मोठी छत्री उघडली, म्हणजे विकासाच्या अनेक अंगांना व्यापणारा फरक. तिच्याखाली ‘इन्फंटाइल ऑटिझम’ होता आणि त्यासाठी सुरुवात ३० महिन्यांच्या आत झालेली हवी होती. मूल मोठं झालं, लक्षणं निवळली, तर ‘रेसिड्युअल स्टेट’, म्हणजे उरलीसुरली अवस्था. ऑटिझम जणू गोवर आहे, वय वाढलं की डाग तेवढे राहतात!

१९८७ मध्ये नाव ‘ऑटिस्टिक डिसऑर्डर’ झालं. १६ निकष, त्यातले ८ जुळले की निदान. दार बरंच रुंद झालं. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत १२ पैकी ६, आणि छत्रीखाली पाच जण: ऑटिस्टिक डिसऑर्डर, अ‍ॅस्पर्गर, रेट, चाइल्डहुड डिसइंटिग्रेटिव्ह डिसऑर्डर आणि हे पीडीडी-एनओएस. ‘एनओएस’ म्हणजे ‘अन्यथा नमूद न केलेलं’. सरकारी फॉर्मच्या शेवटी ‘इतर’ असा रकाना असतो ना, तोच. चार निकष जुळले, सहा नाही जुळले. किंवा वय उशिराचं. किंवा डॉक्टरांना तीन वर्षांच्या मुलाच्या आईला ‘ऑटिझम’ म्हणवेना. सगळे त्या रकान्यात. मला २००८ मध्ये ‘पीडीडी आहे, ऑटिझम नाही’ असं सांगितलं गेलं आणि मी पेढे वाटायचीच बाकी राहिले होते. आजच्या भाषेत तो बहुतेक वेळा स्पेक्ट्रमच असतो.

अ‍ॅस्पर्गर का काढून टाकलं? नाझींशी संबंध होता म्हणून?

हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, पण तारखा जुळत नाहीत.

अ‍ॅस्पर्गरांचं काम लोकांपुढं आणलं लोर्ना विंग यांनी, १९८१ मध्ये. त्या लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ आणि ऑटिस्टिक मुलीच्या आई. ‘अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम’ हे नाव रुळवलं ते त्यांनीच. गंमत अशी की त्यांना दोन वेगळ्या पेट्या करायच्याच नव्हत्या. १९७९ मध्ये जुडिथ गूल्ड यांच्याबरोबर लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांची पाहणी करून त्यांनी सांगितलं होतं की ही एक सलग पट्टी आहे, मध्ये भिंत नाही. पण ग्रंथांना पेट्या आवडतात. आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीत अ‍ॅस्पर्गरला एफ ८४.५ हा कोड मिळाला, १९९४ मध्ये डीएसएमनंही नाव घेतलं.

मग पेट्यांचा खेळ सुरू झाला. बोलायला उशीर झाला नसेल तर अ‍ॅस्पर्गर, झाला असेल तर ऑटिझम. आता आठ वर्षांच्या मुलाची आई पहिला शब्द कोणत्या महिन्यात आला ते कसं सांगणार? अमेरिकेतल्या १२ केंद्रांवर दोन हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅथरीन लॉर्ड त्याच्या प्रमुख. मुलाला ऑटिस्टिक, अ‍ॅस्पर्गर की एनओएस यातलं कोणतं नाव मिळणार, हे त्याच्या लक्षणांपेक्षा ते कोणत्या केंद्रात गेलं यावर जास्त ठरत होतं. गव्हाचा नमुना एकच, पण प्रत्येक अडत्याचा भाव निराळा. पेट्या मोडल्या त्या यामुळं. मे २०१३ च्या पाचव्या डीएसएमनं ऑटिस्टिक, अ‍ॅस्पर्गर, एनओएस आणि डिसइंटिग्रेटिव्ह हे चारही एकत्र करून ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ केलं.

नाझी काळातल्या अ‍ॅस्पर्गरांच्या वागणुकीबद्दल हेर्विग चेक यांचं सविस्तर संशोधन आलं २०१८ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनंतर. अ‍ॅस्पर्गरांनी काही अपंग मुलांना व्हिएन्नाच्या ‘आम श्पीगलग्रुंड’ या दवाखान्यात धाडलं होतं, आणि तिथं मुलं मारली जात, हे त्यातून समोर आलं. तेव्हापासून कित्येक लोक हे नाव स्वतःहून टाळतात. मीही बोलताना टाळते. पण ज्या तरुणाला १२ व्या वर्षी ते मिळालं आणि ज्यानं त्यात स्वतःला ओळखलं, त्याच्या तोंडून ते काढून घ्यायचा मला हक्क नाही.

मुलाचं जुनं निदान अ‍ॅस्पर्गर आहे. ते आता रद्द झालं का?

नाही. पाचव्या डीएसएममध्येच टीप आहे: जुन्या आवृत्तीनुसार ऑटिस्टिक, अ‍ॅस्पर्गर किंवा पीडीडी-एनओएसचं पक्कं निदान झालेल्यांना ऑटिझम स्पेक्ट्रमचं निदान द्यावं. नव्या कागदावर नवं नाव हवं असेल तर डॉक्टरांना तेवढंच सांगा.

मिक्सर लावला की कान झाकतो. हे कुठल्या नावात बसतं?

आज बसतं. २००८ मध्ये बसत नव्हतं.

माझं माहेर पूर्व भागात, खाली यंत्रमाग, वर घर. हा पोरगा मागाच्या खटखटीत गाढ झोपायचा. शेंगाचटणीसाठी मिक्सर लावला की मात्र किंचाळून कॉटखाली. मी पहिल्या तपासणीत हे तीनदा सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली, अहवालात एक ओळ नाही. मला वाटायचं माझं बोलणंच हलकं घेतलं. नंतर कळलं, चौथ्या डीएसएमच्या १२ निकषांत आवाज, स्पर्श, उजेड यांचा मुद्दाच नव्हता. २०१३ मध्ये तो आला. आता रचना अशी: सामाजिक संवादाचे तीन निकष, तिन्ही हवेत. पुनरावृत्ती आणि ठरावीकपणाचे चार, त्यातले किमान दोन. संवेदनांचा कमी-जास्तपणा या चारांतला एक.

आणि कॅनर यांच्या १९४३ च्या लेखात व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, वाहतं पाणी, एवढंच काय अंडी फेटायच्या यंत्रालाही घाबरणारी मुलं आहेत. ७० वर्षं ते निरीक्षण बाजूला पडून राहिलं.

लेव्हल २ म्हणजे किती टक्के?

दर रविवारचा प्रश्न. लेव्हलचे टक्के होत नाहीत.

लेव्हल १, २, ३ ही डीएसएमची पट्टी आहे, मुलाला किती आधार लागतो ते सांगणारी: आधार, भरपूर आधार, फारच भरपूर आधार. संवादासाठी वेगळी आणि ठरावीकपणासाठी वेगळी लेव्हल देता येते, आणि ती पुढं बदलूही शकते. टक्के हा आपल्या सरकारी दाखल्याचा मामला. त्यासाठी ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी आहे. सहा विभागांत ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० पासून १०६ पर्यंत सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढं तीव्र. दाखल्यावरचे टक्के या गुणांवरून येतात. योजनांचं दार बहुतांशी ४० टक्क्यांना उघडतं.

त्यामुळं खासगी अहवालात लेव्हल १ आणि दाखल्यात मध्यम, असं झालं तर घाबरू नका. दोन वेगळे तराजू आहेत. एक सांगते, इसासाठी जाताना मुलाला पढवून, नटवून नेऊ नका. ‘आज शहाण्यासारखा वाग हं’ म्हणून नेलेली मुलं खरंच शहाण्यासारखी वागतात आणि आईबाप रिकाम्या हातानं परत येतात.

रेट सिंड्रोम आणि हेलर सिंड्रोम कुठं गेले?

रेटमागचा एमईसीपी२ हा जनुक १९९९ मध्ये सापडला, त्यामुळं ते आनुवंशिक निदान म्हणून वेगळं झालं. हेलर यांनी १९०८ मध्ये वर्णन केलेली, तीन-चार वर्षं छान बोलून मग सगळं हरवणारी मुलं, म्हणजेच डिसइंटिग्रेटिव्ह डिसऑर्डर, आता स्पेक्ट्रममध्ये धरतात. मिळवलेली भाषा गळून पडत असेल तर नावासाठी थांबू नका, लगेच मेंदूविकारतज्ज्ञ गाठा.

एडीएचडी आणि ऑटिझम दोन्ही लिहिलंय. असं चालतं?

२०१३ पासून चालतं. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता. त्याआधी डीएसएमच्या नियमानं ऑटिझम असेल तर एडीएचडी लिहिता येत नव्हतं. म्हणून जुन्या कागदांवर एकच असतं.

दाखल्यावर ‘मतिमंद’ लिहिलंय, पण मुलगी गणितात हुशार आहे. असं का केलं?

कायद्यात जागा नव्हती म्हणून.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला: सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्या जोडीला. पण सवलती, आरक्षण हे सगळं १९९५ च्या कायद्यावर चालायचं. मग मतिमंदत्वाचा दाखला काढला की काम व्हायचं, आणि ज्याची बुद्धी चांगली त्याला काहीच नाही.

२०१० मध्ये मी एका कार्यालयाच्या खिडकीशी अ‍ॅस्पर्गरच्या आधीचा तो अहवाल घेऊन उभी होते. आतल्या माणसानं तो उलटा-सुलटा पाहिला. “ताई, या नावाचा रकानाच नाही की आमच्याकडं. मतिमंद लिहू का? होऊन जाईल काम.” बोलण्यात कसलाही कुत्सितपणा नव्हता, उलट मदतच करत होता. मुलगा शेजारी उभं राहून भिंतीवरच्या कॅलेंडरातले रविवार मोजत होता. मी अहवाल परत घेतला. माझ्यामागं उभ्या असलेल्या बाईंनी ‘लिहा’ म्हटलं. तिला एसटीचा पास हवा होता, दर आठवड्याला मुलाला अक्कलकोटहून आणायची. तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. त्यात २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम स्पेक्ट्रम त्यातला एक. मोजणी कशी करायची याच्या मार्गदर्शक सूचना जानेवारी २०१८ मध्ये राजपत्रात आल्या. ‘मतिमंदत्व’ हा शब्द जाऊन ‘बौद्धिक अक्षमता’ आला. तुमच्या मुलीची सरकारच्या स्वावलंबन या दिव्यांग दाखल्याच्या पोर्टलवर नोंद करून नव्यानं तपासणी मागा. दोन्ही गोष्टी असतील तर दोन्ही लिहिल्या जाव्यात. एकच असेल तर एकच. दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक मागताना याचा उपयोग होतो.

‘स्वमग्न’ हा शब्द तुम्हाला पटतो का?

अर्धा. ‘ऑटोस’चं ते सरळ भाषांतर आहे, म्हणजे ब्लॉयलर यांचीच चूक आपण शुद्ध मराठीत करून ठेवली. स्वमग्न म्हटलं की डोळ्यांपुढं येतो तंद्री लागलेला गवई, नाहीतर तलावाच्या पायरीवर बसलेला साधू.

आमचा पोरगा चार वर्षांचा असताना आजोबांच्या खांद्यावर बसून सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतला, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा बघून आला. दोन्ही तळवे कानांवर गच्च. घरी आला आणि पहिला स्पष्ट शब्द बोलला, तिथं अक्षता टाकताना पुकारतात तो, “दिड्डम”. त्यानंतर जूनपर्यंत घरात दिड्डम. भूक लागली तरी दिड्डम, आनंद झाला तरी दिड्डम. वर्षभरानं कुणीतरी सांगितलं की याला एकोलालिया म्हणतात, ऐकलेलं जसंच्या तसं उमटणं. सगळ्या गड्ड्यातून नेमका तो शब्द उचलून आणणारं मूल स्वतःत मग्न होतं असं मला कसं वाटेल? ते बाहेरचं सगळं जरा जास्तच ऐकत होतं.

तरी दाखल्यावर तोच शब्द आहे, म्हणून अर्ज भरताना मी ‘स्वमग्नता’ लिहिते. घरात आम्ही ऑटिझम म्हणतो. ‘ऑटिस्टिक’ म्हणायचं की ‘ऑटिझम असलेला’, यावर मोठ्या वयाच्या ऑटिस्टिक लोकांपैकी बरेच पहिलं पसंत करतात. आमच्या चिरंजीवांना विचारलं तर ते स्वतःचं नाव सांगतात, आडनावासह.

घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शाळेत इंग्रजी. भाषांच्या गोंधळामुळं ऑटिझम झाला, असं एकानं सांगितलं.

भाषा जास्त झाल्यानं ऑटिझम होत नाही. सोलापुरात तसं असतं तर अर्धं शहर गप्प असतं. घरची भाषा तोडू नका. आजी ज्या भाषेत लाड करते ती भाषा मुलाला लागते. मात्र तपासणी मुलाला सर्वांत जवळच्या भाषेत व्हावी. तेलुगूत बोलणाऱ्या मुलीला इंग्रजीतून रंग विचारले आणि ‘भाषा नाही’ लिहिलं, असा एक अहवाल मी पाहिला आहे.

‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हे नवं निदान आहे का?

डीएसएममध्ये नाही, आयसीडीमध्ये नाही. फार स्क्रीन बघणाऱ्या लहान मुलांच्या वागण्याला दिलेलं हे चलनी नाव आहे. मोबाइल कमी करा, त्यात नुकसान काहीच नाही. पण ‘मोबाइल काढून घेतला की जाईल’ या भरवशावर तपासणी लांबवू नका. ‘हाय फंक्शनिंग’, ‘लो फंक्शनिंग’ हीसुद्धा ग्रंथातली निदानं कधीच नव्हती. ‘प्रोफाउंड ऑटिझम’ हे नाव २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं सुचवलं, जन्मभर चोवीस तास सोबत लागणाऱ्यांसाठी. तेही अजून ग्रंथात नाही. पण स्पेक्ट्रमच्या एकाच चादरीखाली बोलकी, नोकरी करणारी माणसं आणि शब्दच नसलेली मुलं झोपवली, की दुसरी उघडी पडतात, ही त्यामागची तक्रार मला खरी वाटते. आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीनं यावर थोडा उपाय केलाय. ६ए०२ या कोडखाली बौद्धिक अक्षमता आहे का आणि भाषा कितपत आहे, यावरून पोटप्रकार दिलेत.

पूर्वी एवढी मुलं नव्हती. आता प्रमाण वाढलं की नावं वाढली?

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची आठ वर्षांच्या मुलांची आकडेवारी २००० साली १५० मागं एक होती, २०२२ साली ३१ मागं एक. मधल्या काळात निकष रुंदावले, शिक्षक-डॉक्टर ओळखायला शिकले, मुली आणि बोलकी मुलं मोजली जाऊ लागली, आणि पूर्वी ज्यांना ‘मतिमंद’ म्हटलं जायचं त्यांतली कित्येक या बाजूला आली. वाढीचा मोठा भाग यातून येतो. आपल्याकडं ती होतीच. कुणी ‘भोळं’ होतं, कुणी ‘देवाचं माणूस’, कुणी मागावर अवाक्षर न बोलता चाळीस वर्षं टॉवेल विणून निवृत्त झालेला काका.

लसीमुळं ऑटिझम होतो असं म्हणाल, तर १९९८ च्या ज्या १२ मुलांच्या लेखानं ते भूत उठवलं, तो लॅन्सेटनं २०१० मध्ये मागं घेतला. लस चुकवू नका.

मी पस्तिशीचा आहे. मुलाचं निदान ऐकताना वाटलं, हे सगळं माझंच आहे.

बैठकीतल्या बापांपैकी एखादा दर महिन्याला हे हळूच सांगतो, बहुधा बायको चहा आणायला आत गेल्यावर. पूर्वी सुरुवात तीन वर्षांच्या आत दिसली पाहिजे असा नियम होता. आता लक्षणं बालपणापासून असावीत, पण जगाच्या मागण्या झेपेनाशा होईपर्यंत ती ठळक दिसणार नाहीत, असं पाचवी डीएसएम मान्य करते. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शाळेतली प्रगतिपुस्तकं असतील तर बरोबर न्या, शेऱ्यांसकट.

जुने अहवाल ठेवू का? नव्या दाखल्यानंतर त्यांचा काय उपयोग?

ठेवा. अगदी ‘बोलण्यात उशीर’वाली चिठ्ठीसुद्धा. लक्षणं लहानपणापासून होती याचा तोच पुरावा. मूल १८ पूर्ण झाल्यावर पालकत्वासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडं अर्ज करावा लागला, तर निदान त्या कायद्यातल्या चारपैकी एका नावात बसतं हे दाखवावं लागतं. तिथं ‘पीडीडी-एनओएस’ वाचून समोरचा गोंधळला, तर पुढचा कागद काढून द्यायला हवा.

थर्मल कागदावरच्या पावत्या आणि शिक्के उन्हाळ्यात उडून जातात, आमच्या २००६ च्या पावतीवर आता फक्त पिवळा डाग उरलाय. सगळ्याच्या दोन झेरॉक्स काढा आणि तारखेनं लावा. आमच्याकडं हे काम मुलगाच करतो. मी एकदा घाईत २०११ चा कागद २०१५ च्या मागं खोचला, तर त्यानं रात्री अकराला उठून फाइल पुन्हा लावली आणि मग झोपला.